आभारबाई

आमच्या संस्थेत तिला सगळे आभारबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं कानावर यायला आमच्याकडे एक चहाची सुट्टी पुरते. संशोधनाचा पेपर छापून येतो तेव्हा त्याच्या अगदी शेवटी, बारीक टायपात, एक परिच्छेद असतो. अमक्यांनी यंत्र वापरू दिलं, तमक्यांनी नमुने पुरवले, आणि 'तांत्रिक साहाय्याबद्दल' हिचे आभार. दुसऱ्या मजल्यावरच्या पेशींच्या प्रयोगशाळेतून सव्वीस वर्षांत जेवढे पेपर बाहेर पडले, त्या प्रत्येकाच्या शेपटाला हिचं नाव होतं. वर, जिथे काम करणाऱ्यांची नावं असतात, तिथे एकदाही नाही.

मी तिथली ग्रंथपाल. मी पुस्तकं सांभाळते असं लोकांना वाटतं. माझं खरं काम आकडे काढायचं. कुणाचे किती पेपर, आणि त्या पेपरांचा हवाला पुढे किती जणांनी आपल्या पेपरात दिला, ज्याला सगळे सायटेशन म्हणतात. दर वर्षी मी त्याचा तक्ता करते आणि त्या तक्त्यावर बढत्या ठरतात, पुरस्कार ठरतात, कुणाला बघून कुणी उठून उभं राहायचं तेही ठरतं. माणूस कसा आहे, हा रकाना त्या तक्त्यात नाही. मी एकदा सुचवून पाहिलं होतं. लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी पेशींच्या त्याच प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, शीतखोलीसाठी जागा हवी होती, म्हणून माझं ग्रंथालय तळघरात गेलं. "पुस्तकांना कुठे उजेड लागतो?" असं सर भर बैठकीत म्हणाले होते. मी ते विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही. तेव्हा पुढचं सगळं मी तटस्थपणे सांगतेय असं कुणी समजू नये.

आभारबाई बुटकी, भरभर चालणारी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डावखुरी. तिचं अक्षर इतकं बारीक आणि स्वच्छ, की करंगळीएवढ्या नळीवर ती पेशींचं नाव, तारीख, कितवी पिढी आणि कुणासाठी, एवढं सगळं मावेल असं लिहायची. तिच्या हातच्या पेशी मरत नाहीत अशी तिची ख्याती. दुसऱ्या प्रयोगशाळांतले लोक आपल्या मरतुकड्या पेशी घेऊन तिच्याकडे यायचे आणि दारात ओशाळं तोंड करून उभे राहायचे. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि पेशींनाच झापायची. काय गं, कालपासून तश्शीच बसलीयस? खाऊन खाऊन सुस्तावलीस का? तिसऱ्या दिवशी पेशी टवटवीत. माणसांशी मात्र ती बेताचंच बोलायची.

तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. पुढे तिथेच मुद्रितं तपासू लागले. निवृत्तीनंतर ते हिच्याच घरी राहायला आले. समोरच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची, खिशात पेन्सिल आणि हातात पितळी दांड्याचं भिंग. हाताशी येईल ते तपासायचे. औषधाच्या बाटलीवरची सूचना, नातीचं प्रगतिपुस्तक, समोरच्या दुकानाची पाटी. जावई शाळेत कवायत शिकवणारा, मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. तो म्हणायचा, आमच्या घरी जन्मदाखलासुद्धा दुसऱ्या आवृत्तीशिवाय पास होत नाही. मुलीला चुका पकडायची नजर आली ती वडिलांकडून. त्यांची एकच इच्छा होती. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं खिळ्याखिळ्याने जुळवली, आता आपल्या लेकीचं नाव छापून आलेलं बघायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी तशी वेळ आली. एका विषारी द्रव्याने मूत्रपिंडाच्या पेशी मरतात आणि एका विशिष्ट औषधाने त्या वाचतात, असं आभारबाईच्या प्रयोगांत दिसलं. प्रयोग सगळे तिचे. तीन वर्षांचे. पेपरचा पहिला मसुदा माझ्याच यंत्रावर छापला गेला म्हणून मी तो डोळ्यांनी पाहिलाय. पहिलं नाव तिचं होतं. तिने घरी सांगितलं. वडिलांनी भिंगाची काच पुसून ठेवली.

आणि मग तिनेच घोळ घातला, असं सर म्हणाले असते. तिच्या लक्षात आलं होतं की या पेशी फार लवकर वाढतात. मूत्रपिंडाच्या पेशींना दुप्पट व्हायला दोन दिवस लागतात, या एका दिवसात होत होत्या. आकारही जरा बदललेला. पेशींच्या जगात हे होतं. शेजारच्या बशीतली एखादी दांडगट कर्करोगाची पेशी एका थेंबातून आत शिरते आणि मूळच्या बिचाऱ्यांना हुसकावून सगळं घर बळकावते. बाहेर नळीवर नाव जुनंच राहतं. तिने सरांना सांगितलं, पाठवायच्या आधी एकदा या पेशी नक्की कुठल्या आहेत ते तपासून घेऊ, दोन महिने लागतील.

सरांना दोन महिने नव्हते. दुसरं कुणीतरी हेच छापेल अशी त्यांना धास्ती. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुला शंका आहे ना? मग शंकेच्या कामावर नाव तरी कशाला हवं?" आणि नाव काढलं. वर सहा नावं राहिली. पाचवं नाव सरांच्या साडूंचं. साडूंनी या पेशी पाहिल्या असतील तर त्या आमच्या जिन्यात लावलेल्या चित्रात.

पण गर्वाला एक खोड असते, तो वाचत नाही. छपाईआधीची मुद्रितं आली तेव्हा सरांनी ती तपासायला तिच्याचकडे दिली, कारण एवढं नेटकं दुसरं कुणाला जमणारच नव्हतं. तिने दोन दिवस बसून सगळं तपासलं, स्वल्पविराम दुरुस्त केले, तक्त्यातले दोन आकडे सुधारले, आणि पद्धतीच्या भागात, पान चारशे पंधरा, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य आपल्या डाव्या हाताने घातलं: 'या पेशी मूत्रपिंडाच्याच आहेत याची स्वतंत्र तपासणी केलेली नाही.' मग ती मुद्रितं सरांच्या सहीच्या फाइलीत ठेवली. संध्याकाळी फाइल परत आली. पहिल्या पानावर सरांचा ठरलेला शेरा, 'पाहिले', आणि खाली सही. तिने त्याची एक प्रत काढून आपल्याजवळ ठेवली.

पेपर छापून आला. तिने अंक घरी नेला. वडिलांनी भिंग घेतलं आणि वरच्या सहा नावांवरून फिरवलं, एकदा, मग पुन्हा. तिने पानं उलटून शेवटचा परिच्छेद दाखवला. त्यांनी तो वाचला. बराच वेळ भिंग तिथेच धरून ठेवलं. "एक अक्षर जास्त पडलंय," ते म्हणाले. तिच्या नावाच्या मधोमध एक अक्षर दोनदा छापलं गेलं होतं. आभाराचा परिच्छेद सरांनी मागाहून स्वतः पाठवला होता, तो तिच्या हाताखालून गेलाच नव्हता. वडील त्यानंतर तीन वर्षं जगले. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. नात मात्र लहानपणी एकदा विचारून बसली, आई, तुझं नाव सगळ्यात शेवटी का? तेव्हा आजोबांनी तिला दटावलं, आणि मग स्वतःच उठून आत गेले.

हे मला तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. कारण घडलं ते माझ्याच कामातून. मी वार्षिक तक्ता करत होते आणि सरांचा तो पेपर मला दोनदा दिसला. एकदा पान चारशे बाराला सुरू होणारा, एकदा पान चारशे एकवीसला. खरा पेपर चारशे बाराचा. चारशे एकवीसला त्या अंकात काविळीवरचा कुणाचा तरी वेगळाच लेख आहे. शोधता शोधता मुळाशी पोहोचले. पुढच्या वर्षीच्या स्वतःच्याच पेपरात सरांनी या पेपरचा हवाला देताना आकडा चुकवला होता. ती यादी आभारबाईने तपासली नव्हती, ती तेव्हा वडिलांच्या आजारपणामुळे रजेवर होती. आणि मग लोकांनी काय केलं? खरा पेपर उघडायचे कष्ट कोण घेणार! सरांच्या यादीतून ती ओळ जशीच्या तशी उचलली आणि आपल्या यादीत चिकटवली. त्यांच्या यादीतून आणखी कुणी. हजारावर सायटेशन चारशे एकवीसची. बरोबर पान देणारे जेमतेम पासष्ट.

मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तणतणत तिला हे सांगितलं. माझी तक्रार एवढीच, की आता दोन्ही नोंदी जुळवत मला आठवडाभर बसावं लागणार. ती आधी ऐकत होती. मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि हसायला लागली. तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "म्हणजे एवढ्या जणांनी पान चारशे पंधरा बघितलंच नाही."

मग तिने सगळं सांगितलं. तिने खरं लिहून ठेवलं होतं, छापून आलं होतं, जगात कुठेही कुणीही उघडून वाचावं असं उघड्यावर पडलं होतं. तिने ठरवलं होतं की कुणीतरी वाचेल आणि विचारेल. एक वर्ष वाट पाहिली, दोन वर्षं पाहिली. कुणी विचारलं नाही. तेव्हा वाट बघण्याचं हळूहळू दुसरंच काहीतरी झालं. तिला तो पेपर मोठा व्हायला हवा होता. खूप मोठा. जेवढा उंच चढेल तेवढा खाली येताना आवाज होईल, असं तिने मला सरळ सांगितलं, आवाज न चढवता.

आणि ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. जगभरातली मासिकं दुसऱ्यांचे पेपर परीक्षणासाठी सरांकडे पाठवत. सर ते हिच्याकडे ढकलत. हिने परीक्षण लिहायचं, सरांनी सही करून पाठवायचं. हिने प्रत्येक परीक्षणात न चुकता लिहिलं, 'या विषयावरच्या पुढील मूलभूत कार्याचा उल्लेख आवश्यक', आणि खाली सरांचा तो पेपर, पान चारशे बारा. परीक्षकाने सांगितलं की बिचारे लेखक मुकाट्याने घालतात. सर खूश. एकदा तर मला म्हणाले, तुमच्या मैत्रिणीचं मन फार मोठं आहे हो, कसला आकस नाही. मी मान डोलावली. माझी मान त्या दिवशी दुखेपर्यंत डोलली.

त्यानंतर दर वर्षी तक्ता झाला की ती जिना उतरून तळघरात यायची. दारातूनच एक शब्द. "किती?" मी सांगायची. अकराशे. तेराशे चाळीस. सतराशे. ती मान हलवायची आणि वर निघून जायची. मला त्या एका शब्दाची वर्षभर ओढ लागलेली असायची, खोटं कशाला सांगू.

पेपर छापून आल्यानंतर अठराव्या वर्षी संस्थेत नियम निघाला, की टाकीत गोठवून ठेवलेल्या सगळ्या जुन्या पेशींची ओळख बाहेरच्या प्रयोगशाळेतून पटवून घ्यायची. टाकी तिच्या ताब्यात. तिने यादीप्रमाणे सगळ्या नळ्या पाठवल्या, त्यात त्या पेपरच्या प्रयोगांतली नळीही होती, तिच्याच बारीक अक्षरातली. अहवाल आला. त्या पेशी मूत्रपिंडाच्या नव्हत्या, वेगळ्याच अवयवाच्या कर्करोगाच्या होत्या, पार पहिल्या पिढीपासून. तिने अहवाल सरांच्या फाइलीत ठेवला, वरती ती ओळ लाल पेनने अधोरेखित करून. संध्याकाळी फाइल परत आली. 'पाहिले.' सही. तारीख.

त्याच वर्षी सरांना मोठा पुरस्कार जाहीर झाला. आयुष्यभराच्या कामाचा. मला आदेश आला, सरांच्या कार्याची आकड्यांतून ओळख करून देणारी पुस्तिका तयार करा. दोनशे चौदा पेपर, दोन हजार सहाशे सायटेशन, आणि त्यातली अठराशे नव्वद त्या एका पेपरची. तो पेपर काढला तर बाकीच्या दोनशे तेरांत विशेष काही उरत नव्हतं. हे मी हिशेब करून पाहिलं आणि मला बरं वाटलं.

मी तिला म्हटलं, आता थांब. समारंभ होऊ दे, फोटो निघू देत, मग दे दणका. माझा राग तिच्यापेक्षा जास्त होता की काय कोण जाणे. तळघरात बसून तो चांगला मुरला होता. तिलाही पटलं होतं. आणि तेवढ्यात ते पत्र आलं.

दूरच्या एका संस्थेतल्या संशोधक मुलीने सरांना लिहिलं होतं. चार वर्षं ती सरांच्या पेपरवरून पुढचं काम करत होती. तिच्या मूत्रपिंडाच्या पेशी त्या औषधाने वाचत नव्हत्या. तिचे मार्गदर्शक म्हणत होते की तुझ्या हातातच दोष आहे. आता तिला काम सोडायला सांगितलं होतं. तिने फार अदबीने विचारलं होतं, माझं कुठे चुकतंय ते कृपया सांगाल का? पत्राच्या शेवटी तिने एक ओळ घातली होती: हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तो एका परीक्षकाने उल्लेख करायला सांगितलं म्हणून. सरांनी पत्र नेहमीप्रमाणे हिच्याकडे ढकललं, 'उत्तर द्यावे'.

ती ते पत्र घेऊन खाली आली आणि माझ्यापुढे ठेवलं. मी वाचून काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "राग माझा सरांवर, आणि भोगतेय ही."

 थांब म्हणणारी मीच होते. त्या दिवशी आम्ही दोघींनी डबा उघडला नाही. ती दोन तास माझ्या टेबलाशी बसली, मग तिने त्या मुलीला उत्तर लिहिलं. पान चारशे पंधरा, तिसरा परिच्छेद, शेवटचं वाक्य वाचा. तुमच्या हातात दोष नाही. बाकीचं मी कळवते. खाली सरांच्या ऐवजी स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. काय बोलली ते तिने शब्दन् शब्द मला सांगितलं. पेपरमधली चूक आपण स्वतःच जाहीर करू. माझं नाव घाला, जिथे आधी होतं तिथेच. प्रयोग माझे, तेव्हा चुकीचा वाटाही मी उचलते, दोघं मिळून सांगू. एकोणीस वर्षांचा राग गिळून तिने हे मागितलं. चुकीच्या पेपरवर नाव मागितलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती म्हणाली, असू दे, निदान खरं तरी होईल.

सर पुरस्काराच्या भाषणाचा कागद वाचत होते. म्हणजे तेवढं मात्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टी आता कशाला उकरतेस? तुझे आभार मानलेत ना?"

ती परत आली तेव्हा चेहरा अगदी शांत होता. तिने माझ्याकडे दोन कोरे कागद मागितले.

मासिकाच्या संपादकांना तिने अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. विशेषण एकही नाही. पेशींचा अहवाल जोडला, सरांच्या शेऱ्यासह. मुद्रिताची जुनी प्रत जोडली, तीही शेऱ्यासह. मी तिला म्हटलं, वरची दोन वाक्यं जरा कडक कर. ती म्हणाली, नको, दोन वेळा 'पाहिले' आहे, ते पुरे कडक आहे. मसुदा तीनदा तपासला. नंतर तो मीही तपासला, आणि मला एक स्वल्पविरामही बदलता आला नाही.

संपादकांनी सरांकडे खुलासा मागितला. त्या आठवड्यात सर तळघरात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळले, कारण तिथला दिवा गेलाय आणि तो बदला म्हणून मी केलेले तीन अर्ज त्यांच्याच फाइलीत आहेत. आभारबाई माझ्या टेबलाशी बसली होती. मी उठले नाही. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी गेले नसते.

त्यांच्या हातात एक कागद होता. मासिकाला पाठवायची दुरुस्ती. आयुष्यात प्रथमच ते तिला 'तुम्ही' म्हणाले. "तुमच्यावर अन्याय झाला होता, बाई. मी तो दूर करतोय. पहिलं नाव तुमचं."

तिने कागद घेतला. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वडील वाचायचे तसं, एकेका शब्दावर थांबत वाचू लागली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. पहिलं नाव तिचं होतं, आणि त्याखाली लिहिलं होतं की पेशींची निगा, ओळख आणि शुद्धता यांची संपूर्ण जबाबदारी पहिल्या लेखिकेची होती.  एकोणीस वर्षं तिला जे हवं होतं ते असं समोर आलं होतं, आत फास घालून. आणि मला खरंच भीती वाटली की ती हो म्हणेल. नावाची तहान काय असते ते मी पूर्वी तिच्या घरी जायचे तेव्हा वडिलांच्या त्या खुर्चीत पाहिलं होतं.

तिने खिशातलं लाल पेन काढलं आणि कागदावर एक छोटा गोल केला.

"नाव चुकलंय, सर," ती म्हणाली. "एक अक्षर जास्त आहे. तेव्हाही हेच जास्त होतं."

सर म्हणाले की ते लगेच दुरुस्त करू, टंकलेखकाची चूक.

"राहू दे. या पेपरवर माझं नाव नाहीच. तुम्ही तांत्रिक साहाय्याबद्दल माझे आभार मानलेत. चूक निघाली तर ती वरच्या सहा जणांची, आभाराची नसते." तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्यांच्यापुढे धरली. "मागच्या महिन्यात मी अर्धी चूक मागायला आले होते. तेव्हा तुम्ही वाचत होतात."

सर माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं असावं की मी काहीतरी समजूत घालेन. मी विचारलं, सर, पुस्तिकेत अठराशे नव्वदचा आकडा ठेवू की थांबू? ते वर निघाले. त्याच पायरीवर पुन्हा अडखळले, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

समारंभ 'काही अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलला गेला आणि अजून ढकललेलाच आहे. दीडशे पुस्तिका माझ्या तळघरात पडून आहेत. चांगला जाड कागद आहे, मागची बाजू कोरी. वाचकांच्या याद्या मी त्यावरच करते. साडूंनी सगळीकडे पत्रं पाठवली की आपला या पेपरशी काडीचा संबंध नव्हता. त्यांचं हे पहिलं खरं विधान. त्या दूरच्या मुलीला तिच्या संस्थेने एक वर्ष वाढवून दिलं. तिची चार वर्षं मात्र गेलीच. तो विषय निघाला की आभारबाई खिडकीकडे तोंड करते. आणि माझ्या तळघराला खिडकी नाही, तेव्हा ती भिंतीकडे बघते.

मासिकाचा अंक आला त्या दिवशी मी फोन करून तिला खाली बोलावलं. डाव्या पानावर तिचं पत्र, खाली एकटीचं नाव. उजव्या पानावर संपादकांची सूचना, की सदर पेपर मागे घेण्यात येत आहे, कारणासाठी शेजारचं पत्र पाहावं; आणि हवाला म्हणून त्या पत्राची रीतसर नोंद, लेखिकेच्या नावासह, पान क्रमांकासह. पान क्रमांक बरोबर होता.

तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं पितळी दांड्याचं भिंग काढलं. आधी डाव्या पानावर धरलं, मग उजव्या. आपल्या नावावरून एकेक अक्षर करत नेलं, दोन्ही ठिकाणी, सावकाश. शेवटच्या अक्षराशी तिचा हात थांबला. मग तिने काच पदराने पुसली आणि भिंग परत गुंडाळलं.

मी वार्षिक तक्ता उघडून बसले होते. सरांच्या त्या पेपरला त्याच महिन्यात आणखी तीन सायटेशन आली होती, तिन्ही चारशे एकवीसची. हे तिला सांगावं की नाही, अशा विचारात मी होते. ती दारापर्यंत गेली आणि नेहमीसारखी वळली.

"किती?"

"सरांचे?"

"नाही," ती म्हणाली. "माझे."

मी तक्त्यात बघितलं, खरं तर बघायची गरज नव्हती. पेपर एक. सायटेशन एक.

"एक," मी म्हटलं.

"पुरे," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.